शुल्क रद्द करा म्हणावं, की हिशेब मागावा?

पत्र थोडक्यात असं:

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं मंगल कार्यालय आहे. वडिलांनी बांधलं, आता मी आणि धाकटा भाऊ चालवतो. कार्यालयासाठी वेगळा टीसी (ट्रान्सफॉर्मर) बसवलाय, जनरेटर आहे. यंदा विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून तपासणी शुल्काची नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. शेजाऱ्याकडून वाचून घेतली. शुल्क मागच्या खेपेपेक्षा वाढलंय. वायरिंगचा कंत्राटदार म्हणतो, "सावकार, तुम्ही कशाला धावपळ करता? सगळं मिळून एवढे द्या, सर्टिफिकेट घरपोच आणतो." त्याचा आकडा नोटिशीतल्या शुल्काच्या कितीतरी पट आहे. तालुक्यातले कार्यालयवाले, लॉजवाले आणि काही गिरणीवाले मिळून 'व्यापारी जागांचं वीज तपासणी शुल्क रद्द करा' असं निवेदन आमदारांना देणार आहेत. त्यात हेस्कॉमचा, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीचा, निषेधही आहे. मसुदा मी लिहावा असं ठरलंय. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडला मेहुण्याचा हॉल आहे, तो म्हणतो, "आमच्याकडे असलं काही नाही." मीही सही करायला तयार होतो. पण गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या गेटच्या कमानीला हात लावताना लायटिंगवाल्याचा पोरगा करंट लागून फेकला गेला. वाचला. निवेदन लिहायला बसलो की ते आठवतं आणि हात थांबतो. सही करावी की करू नये?

नमस्कार.

तो पोरगा वाचला, हे वाचून हायसं वाटलं. पत्रात तुम्ही त्याला सगळ्यात शेवटी आणलंय. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं असं वाटतं, म्हणून शुल्काचं बोलण्याआधी त्या कमानीपाशी जाऊ.

घराचं वायरिंग एकदा झालं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. मंगल कार्यालयाचं तसं नाही. भिंतीतलं वायरिंग तुमचं, पण हळदीच्या आदल्या रात्री त्याच्यावर दुसरंच वायरिंग चढतं. लायटिंगवाल्याच्या माळा, मंडपवाल्याचे पंखे, साऊंडवाल्याची मशिनं, आचाऱ्याचा ग्राइंडर, सगळे जिथे बोर्ड दिसेल तिथून करंट घेतात. लोखंडी कमानीवर दोन पदरी हलकी वायर बारीक तारेनं आवळलेली असते. जोडाला टेप गुंडाळलेली असते आणि बोर्डात पिन न लावता वायरची उघडी टोकं काडी खुपसून बसवलेली असतात. वळवाची एक सर आली की टेपच्या आत पाणी शिरतं आणि अख्खी कमान करंट धरते. खाली वरमाय उभी असते, पोरं खेळत असतात.

अशा वेळी माणूस वाचतो तो तीन गोष्टींनी. कमानीला अर्थिंग जोडलेलं हवं, ते अर्थिंग चांगलं हवं आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अंगातून किंवा जमिनीत गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, हवा. पुष्कळ मालक म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहेत की. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला जेवढा करंट पुरतो तेवढ्यानं एमसीबी हलतसुद्धा नाही. तुमच्या गेटकडे जाणाऱ्या लाइनवर काय बसवलंय, ते आज संध्याकाळीच बोर्ड उघडून बघा. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

दुसरी एक गोष्ट हळूच सांगतो, दोष देण्यासाठी नाही. विजेमुळे कुणाला इजा झाली तर विद्युत निरीक्षकांना कळवणं २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. नुसता मृत्यू झाला तरच असं नाही, इजा झाली तरी. तुम्ही कळवलंत की नाही ते पत्रात नाही. आपल्याकडे बहुतेक लोकांना हे ठाऊकच नसतं. पोरगा उठून बसला, दवाखान्यातून घरी गेला की विषय मिटला असं समजतात. कळवलं नसेल तर एखाद्या चांगल्या वकिलाशी बोलून आता काय करणं योग्य ते ठरवा. त्या मुलाच्या औषधपाण्याचं कुणी पाहिलं, तेही एकदा विचारा.

आता तपासणीकडे. निरीक्षक येऊन बघतात ते हेच. मेगर लावून वायरिंगचं इन्सुलेशन मोजतात. घरगुती दाबाच्या वायरिंगला ५०० व्होल्टवर निदान १ मेगओहम यायला हवं. टीसीच्या आणि जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग आहेत का ते बघतात. चेंजओव्हर, म्हणजे हेस्कॉमची लाइन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच, बघतात, आणि हा मुद्दा मालकांच्या डोक्यात सहसा नसतो. करंट गेल्यावर तुम्ही जनरेटर लावता. चेंजओव्हर धड नसेल तर तुमचा करंट उलटा टीसीतून हेस्कॉमच्या लाइनवर चढतो, तिथे त्याचा दाब वाढतो, आणि लाइन बंद आहे अशा भरवशावर खांबावर चढलेला लाइनमन मरतो. तो कुणाचा तरी घरधनी असतो आणि तुमच्या लग्नाशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून ही तपासणी नुसती तुमच्या मालमत्तेची नाही. तुम्ही तुमच्या जबाबदारीवर ती नको म्हणू शकत नाही.

खानापूरकडच्या वाचकांसाठी खास एक. आपल्याकडे जांभ्याची जमीन. पावसाळ्यात ती ओलीचिंब असते, तेव्हा अर्थिंगचा रोध कमी भरतो (रोध जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं). चैत्र-वैशाखात तीच जमीन कोरडी ठक्क पडते, रोध वाढतो, आणि मुहूर्त नेमके तेव्हाच असतात. जुलैत घेतलेलं रीडिंग बघून एप्रिलमध्ये निर्धास्त राहू नका. अर्थिंगच्या खड्ड्यावर झाकण आहे का, त्यात पाणी ओतायची नळी मातीनं बुजली नाही ना, हे होळीच्या सुमाराला बघून घ्या आणि कडक उन्हात एकदा स्वतःहून रीडिंग घ्यायला लावा.

तर मग निवेदन. त्यात मला चार गृहीतं दिसतात, आणि चारही तपासून घ्यावीत अशी आहेत.

पहिलं, हेस्कॉमचा निषेध. हेस्कॉम तुम्हाला वीज विकते. विजेचा दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो, त्यावर जाहीर सुनावणी होते, तिथे कुणीही ग्राहक जाऊन बोलू शकतो. २०२३ च्या जूनमध्ये दरवाढ झाली तेव्हा बेळगावचे उद्योजक आणि व्यापारी रस्त्यावर उतरले होते, ते त्या दरासाठी. तपासणी शुल्काचा रस्ता वेगळा आहे. विद्युत निरीक्षक वीज कायद्याच्या कलम १६२ खाली राज्य सरकार नेमतं, ते ऊर्जा खात्याचे, आणि शुल्कही राज्य सरकारच ठरवतं. हेस्कॉमचा त्यात हात नाही. उलट हेस्कॉमच्या स्वतःच्या लाइनी आणि टीसी हेच निरीक्षक तपासतात. हेस्कॉमच्या नावानं लिहिलेला कागद सेक्शन ऑफिसच्या फायलीत पडून राहील आणि तुम्हाला वाटेल, सरकार ऐकत नाही. कागद योग्य दारात टाकायचा तर ऊर्जा खात्याचे सचिव आणि बेंगळुरूचे मुख्य विद्युत निरीक्षक यांच्या नावे लिहा.

दुसरं, चंदगडचं. मेहुण्यांचं म्हणणं खरं असेलही, म्हणजे त्यांना अजून नोटीस आली नसेल. पण सुरक्षेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत, आधी २०१० चे, आता त्यांच्या जागी २०२३ चे. ते महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्याला लागू आहेत तसेच बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यालाही. सीमेच्या पलीकडे महाराष्ट्राचे विद्युत निरीक्षक आहेत, शुल्काचा तक्ता महाराष्ट्र सरकारचा आहे, एवढाच फरक. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून तुलना जरूर करा, निवेदनाला त्यानं वजन येईल. 'तिकडे काहीच नाही' हे वाक्य मात्र काढून टाका. एक चुकीचं वाक्य सापडलं की अधिकारी सगळा कागदच बाजूला सारतात.

तिसरं गृहीत सगळ्यात मोठं: शुल्क रद्द झालं की त्रास संपेल. तपासणी केंद्राच्या नियमानं आलीय. राज्य सरकार शुल्क माफ करू शकेल, तपासणी माफ करू शकणार नाही. मग शुल्क शून्य झालं तर काय होईल? निरीक्षकांची माणसं वाढणार नाहीत, तुमचा नंबर लागायला आणखी वेळ लागेल, आणि तो वेळ विकणारा कंत्राटदार आज जेवढे मागतो त्याहून जास्त मागेल. तुमच्याच पत्रात लिहिलंय की त्याचा आकडा शुल्काच्या कितीतरी पट आहे. खिशाला खरी कात्री तिथे लागतेय. सरकारी शुल्क रद्द करून ती थांबत नाही.

चौथं, शुल्क म्हणजे आणखी एक कर. इथे थोडं थांबू, कारण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथे आहे आणि निवेदनात नेमका तोच नाही.

कर घेताना सरकारनं तुम्हाला मोबदल्यात काही द्यायलाच हवं असं नाही. शुल्काचं तसं नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला: शुल्क हे विशिष्ट सेवेचा मोबदला असतं. तो खटला मद्रास सरकारच्या धर्मादाय कायद्याविरुद्ध होता, कारण तेव्हा उडुपी मद्रास राज्यात होतं. पुढच्या निकालांनी ही अट सैल केली. पै-पैचा मेळ लागायला नको, घेतलेली रक्कम आणि दिलेली सेवा यांचा ढोबळ संबंध असला तरी पुरे, असं न्यायालयं म्हणू लागली. आणि नियमनासाठी घेतलेल्या शुल्काला तर आणखी मोकळीक दिली. तरीही मूळ प्रश्न उरतोच, आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमच्याकडून जे घेतलं त्याच्या बदल्यात काय तपासलं, कुणी तपासलं, कधी तपासलं, आणि अहवाल कुठे आहे?

हा प्रश्न विचारायला आणखी एक कारण आहे. तुम्ही भरलेलं शुल्क निरीक्षकांच्या कचेरीत राहत नाही. ते सरकारी तिजोरीत, राज्याच्या एकत्रित निधीत जातं. निरीक्षकांचा पगार, गाडी, मेगर, सगळं अर्थसंकल्पातून येतं. म्हणून 'शुल्क वाढवलं म्हणजे तपासणी सुधारेल' असं आपोआप होत नाही. वाढ हवी असेल तर त्याबरोबर माणसं किती वाढवली तेही सरकारनं सांगावं. वाढीला माझा विरोध नाही. खर्च वाढतो तसं शुल्क वाढणारच. वर्षानुवर्षं तक्ता तसाच ठेवायचा आणि मग एकदम उडी मारायची, ही पद्धत लहान मालकाला मारते. दरवर्षी थोडं, आधी जाहीर करून वाढवलं तर कुणी आमदारांकडे धावणार नाही.

शुल्क कशावर बसवावं हा दुसरा प्रश्न. दोन जागा घेऊ. एक उद्यमबागची फाउंड्री, ५०० केव्हीएचा टीसी (केव्हीए हे टीसीच्या कुवतीचं माप). एक खानापूरकडचं मंगल कार्यालय, १०० केव्हीएचा टीसी. निव्वळ केव्हीएच्या हिशेबानं फाउंड्री पाचपट भरेल. निरीक्षकाला तिथे पाचपट वेळ लागतो का? नाही. टीसी एकच, पॅनेल थोडे जास्त, एवढंच. उलट कार्यालयात लोड कमी असला तरी माणसं शेकड्यांनी, त्यांतली बरीचशी लहान पोरं आणि म्हातारी, आणि वायरिंग दर मुहूर्ताला बदलतं. म्हणजे लोडवरून धोका मोजता येत नाही. बरं, सगळ्यांना सरसकट एकच शुल्क लावावं, तर वर्षभर तीन पाळ्यांत चालणारी फाउंड्री आणि तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतच्या मुहूर्तांवर जगणारं कार्यालय यांना एकाच मापानं मोजल्यासारखं होईल. तेही न्यायाचं नाही.

माझ्या मते शुल्काचे दोन भाग असावेत. एक भाग भेटीचा: निरीक्षक बेळगावहून यायचा, अर्धा दिवस द्यायचा, अहवाल लिहायचा, तो जवळजवळ सगळ्यांना सारखा. दुसरा भाग लोडचा आणि टीसी-जनरेटरच्या संख्येचा, आणि त्याच्या पायऱ्या लहान असाव्यात. पायऱ्या मोठ्या असल्या की माणसं कागदावर लोड कमी दाखवायला लागतात, आणि खरा लोड लपवलेलं वायरिंग सगळ्यात धोक्याचं. शिवाय त्रुटी दाखवल्यावर त्या दुरुस्त झाल्यात का हे बघायला येण्याची पहिली फेरी त्याच शुल्कात असावी. आज पुष्कळ मालक त्रुटी लपवतात ते पुन्हा पैसे लागतील या भीतीनं. आणि मुदतीत निरीक्षक आलेच नाहीत तर भरलेलं शुल्क पुढच्या खेपेला वळतं करावं.

वजनकाट्याचं उदाहरण तुमच्या बरोबरच्या दुकानदारांना पटकन पटेल. काट्याच्या पडताळणीलाही सरकार शुल्क घेतं, काट्याच्या कुवतीप्रमाणे घेतं, आणि काट्यावर शिक्का दिसतो. गिऱ्हाईक तो शिक्का बघू शकतं. मंगल कार्यालयाच्या पॅनेलवर शेवटच्या तपासणीची तारीख आणि अर्थिंगचं रीडिंग लावलेलं असलं तर मुलीचा बाप हॉल ठरवताना तेही बघेल. हे सरकारनं करायची वाट कशाला बघायची? तुमच्या कार्यालयात तुम्हीच सुरू करा.

आता व्यवहाराचं, सविस्तर. हे लॉजवाल्यांना, गिरणीवाल्यांना, निपाणी-संकेश्वरकडच्या गोदामवाल्यांनाही लागू आहे.

आधी टीसी कुणाचा ते बघा. मीटर टीसीच्या आधी, म्हणजे ११ केव्हीच्या (जास्त दाबाच्या) बाजूला असेल तर टीसी तुमचा आणि त्याची जबाबदारी तुमची. पण कनेक्शन घेताना पैसे तुम्ही भरले आणि काम झाल्यावर टीसी हेस्कॉमच्या ताब्यात दिला, मीटर टीसीनंतर आहे, असंही अनेकांचं असतं. 'आमचा टीसी' म्हणायची सवय असते, कागदोपत्री तो हेस्कॉमचा असतो. मग त्या टीसीचं शुल्क तुमच्याकडून का, हे विचारता येतं. आर. आर. नंबर (वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक), मंजूर लोड आणि जनरेटरची केव्हीए नोटिशीत बरोबर आहे का तेही ताडून बघा. जुना विकलेला जनरेटर अजून नोटिशीत असतो, असं घडतं.

नोटीस कुठल्या अधिसूचनेच्या आधारे काढलीय तो क्रमांक आणि तारीख तिच्यावर शोधा. नसेल तर लेखी मागा. तक्ता राजपत्रात प्रसिद्ध झालेला असतो, तो कुणाच्या कृपेनं मिळायची वस्तू नव्हे.

रक्कम बरोबर असेल तर मुदतीत भरा, निवेदन चालू असलं तरी. शुल्क थकलं तर वीज तोडायची तरतूद १९५६ च्या वीज नियमांपासून आहे. त्याआधी सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते ही अटही तेव्हाचीच, २०१० च्या नियमांतही ती होती. ऐन मुहूर्तात हा वाद अंगावर घेऊ नका. 'हरकत राखून भरत आहे' असं पत्र जोडून भरा. भरणा सरकारी खात्यात, खजाने-२ या राज्याच्या ऑनलाइन कोषागार व्यवस्थेच्या चलनानं करा. चलनाची प्रत तुमच्या नावाची, तुमच्या फायलीत.

कंत्राटदाराला तोडायची गरज नाही. तो तुमचं वायरिंग ओळखतो, तपासणीच्या दिवशी तो हवाच. फक्त त्याला सांगा, अण्णा, बिल फोडून द्या: सरकारी चलन किती, अर्थिंगची नवी पाइप आणि मजुरी किती, कागदपत्रं करायची तुमची मेहनत किती. मेहनतीचे पैसे घ्यायला कुणाची ना नाही. या तिन्हींत न बसणारी जी रक्कम उरेल ती कसली, हे तो बोलणार नाही, आणि तुम्हाला कळेल. लक्षात ठेवा, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तरच बचाव आहे. मध्यस्थाच्या हातून दिली म्हणून सुटका होत नाही. उघड मागणी झाली तर आपल्या राज्यात लोकायुक्त पोलिसांकडे जाता येतं. आणि 'घरपोच' सर्टिफिकेट तर नकोच. कुणीही न तपासता आलेला कागद हातात असताना उद्या कमानीवर पुन्हा कुणी चिकटला तर तो कागद तुमचा बचाव करणार नाही.

ज्यांचं कनेक्शन लहान, साध्या एलटीचं (कमी दाबाचं), उदाहरणार्थ शहापूर-वडगावचे मागवाले किंवा छोटी हॉटेलं, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. सरकारनं अधिसूचित केलेल्या व्होल्टेजपर्यंत मालकाला स्वतः प्रमाणित करण्याची सोय केंद्राच्या नियमांत आहे, आणि त्यासाठी सरकारमान्य चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनियरची मदत घेता येते. सोय चांगली आहे, पण खासगी इंजिनियरच्या फीवर सरकारी तक्ता नसतो, म्हणून दोघा-तिघांकडे विचारा आणि मेगरचं रीडिंग त्यानं तुमच्या देखत घ्यावं असा आग्रह धरा.

भाषेचं. कन्नड नोटीस आली याचा राग मी समजतो. सीमाभागात प्रत्येक सरकारी कागदाला तो राग चिकटून येतो. पण तपासणी शुल्काच्या निवेदनात सीमाप्रश्न मिसळू नका. तुमच्याबरोबर सही करणारे कन्नड गिरणीवाले आणि लॉजवाले असतीलच, आणि करंटची भीती त्यांनाही तेवढीच आहे. हक्क मात्र माहीत असू द्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. माझा सल्ला, मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर एकाच कागदावर द्या. अधिकाऱ्याला भाषांतराची सबब राहत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या भागात महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्राचं धोरणही आहे. शुल्काचा तक्ता आणि तपासणीत काय बघतात त्याची यादी मराठीतही छापा, ही मागणी त्या आधारावर सभ्यपणे करता येते.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कायद्याप्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा, म्हणजे इथे कन्नडमध्ये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. निवेदनाआधीच एक अर्ज टाका: मागच्या तीन वर्षांत बेळगाव जिल्ह्यात व्यापारी जागांच्या तपासणीपोटी किती शुल्क जमा झालं, किती तपासण्या झाल्या आणि निरीक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. हे आकडे हातात असले की तुमचं निवेदन तक्रारीच्या पातळीवरून उठून हिशेबाच्या पातळीवर जातं.

मग सही? ज्या कागदावर 'रद्द करा' लिहिलंय त्याच्यावर करू नका. पण मसुदा तुमच्याच हातात आहे, हे विसरू नका. बैठकीत उठून विरोध करण्यापेक्षा नवा मसुदा घेऊन जा. पहिल्याच परिच्छेदात लिहा की तपासणी आम्हाला हवी आहे. लोकांना वाटेल तुम्ही बाजू सोडलीत. तेव्हा त्या पोराचं सांगा, नाव न घेता, जसं घडलं तसं. त्यातल्या निम्म्या मालकांच्या कार्यालयात असं काहीतरी घडलेलं असेल आणि ते कुणाशी बोलले नसतील.

मागण्या थोड्याच ठेवा. शुल्काचे दोन भाग आणि लहान पायऱ्या. फेरतपासणी त्याच शुल्कात. मुदतीत भेट नाही तर शुल्क पुढे वळतं. वाढ करण्याआधी मसुदा जाहीर करून व्यापाऱ्यांच्या हरकती मागवणं. तक्ता दोन्ही भाषांत. एवढ्या पुरे. हंगामी धंद्यांना हप्त्याची सवलत मागायची असेल तर मागा, मला ती पटते, पण ती शेवटी ठेवा.

आमदारांना कागद देताना नुसता फोटो काढून येऊ नका. राज्य सरकारनं वीज कायद्याखाली केलेले नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, आणि शुल्कावर आमदार सभागृहात प्रश्न विचारू शकतात. हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. प्रश्नाचा मजकूर तुम्हीच लिहून द्या, माहिती अधिकारातून आलेल्या आकड्यांसकट. अर्ज आत्ताच टाकलात तर अधिवेशनापर्यंत उत्तर हातात असेल.

आणि लायटिंगवाल्यांशी करार करताना यंदापासून एक ओळ वाढवा: पिनशिवाय बोर्डात वायर घालायची नाही, कमानीला अर्थिंगची तार जोडल्याशिवाय माळा लावायच्या नाहीत, आणि गेटची लाइन आरसीसीबीवरूनच घ्यायची. तो बसवायचा खर्च तुम्ही करा, मंडपवाल्यावर ढकलू नका.